चूक अम्मीच्या पायाची नाही

नूतन मॅडम म्हणतात, रागात लिहू नये, थंड झाल्यावर लिहावं. मी तीन आठवडे वाट पाहिली. थंड काही होत नाही, उलट रोज नवीन काहीतरी आठवतं आणि परत पेटते. म्हणून आता लिहूनच टाकते.

मी मेहेक, नववीत आहे. डिसेंबरपर्यंत मी हजेरीला 'येस मॅडम'सुद्धा ओठातल्या ओठात म्हणायची. मग नूतन मॅडमनी मला जवळजवळ ढकलूनच वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं. तळा गावी आंतरशालेय स्पर्धा होती, तिथे माझा दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून माझं तोंड उघडलंय ते मिटत नाही. अम्मी म्हणते, "दुसऱ्या नंबरात ही गत, पहिला आला असता तर घर सोडून जावा लागला असता."

आमचं गाव दिवेआगरच्या अलीकडे. अब्बा कुवेतला असतात, घरी मी आणि अम्मी. आणि अम्मी म्हणजे गावाची फॉर्मवाली. जहुराभाभी म्हटलं की लोक आधी विचारतात, "फॉर्म भरणारी?" पासपोर्ट, व्हिसा, स्कॉलरशिप, हजचा अर्ज, होडीचा विमा, सगळं ती भरते. बारावी झालेली आहे फक्त, पण तिने भरलेला फॉर्म आजवर परत आलेला नाही. तिचा एकच नियम. समोर कोणीही बसलेलं असो, ती स्क्रीन त्याच्याकडे फिरवते, भरलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवते आणि म्हणते, "वाचल्याशिवाय सही नाय." दादूकाका होडीवाल्यांना वाचता येत नाही, तरी त्यांच्यापुढेही स्क्रीन फिरवते. काका बिचारे गंभीर होऊन मान हलवतात.

हे सगळं चालतं आमच्या पडवीत. कारण नेटची रेंज पडवीतच येते, घरात घुसतच नाही. आणि प्लग घरातच आहे, पडवीत नाही. पडवीतला बोर्ड मोठ्या वादळात जळला, तो अब्बा दर सुट्टीत बसवणार असतात. त्यामुळे टेबल पडवीत, बोर्ड आत आणि मधे उंबऱ्यावरून गेलेली चार्जरची वायर. घरात जायचं तर वायर, बाहेर यायचं तर वायर.

आता कोणी म्हणेल, मग लोक अडखळत नसतील का? अडखळायचे की! मी एका रविवारी मोजलं होतं. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत तेवीस वेळा पाय लागला, त्यातले दोन पाय कोंबडीचे. पण आमचा जुना लॅपटॉप होता ना, अब्बांच्या ऑफिसातून मोडीत निघालेला, त्याच्या चार्जरच्या टोकाला चुंबक होतं. भोक नाही, खुपसणं नाही. टोक जवळ नेलं की आपोआप 'टक्' करून चिकटायचं. आणि पाय लागला की अलगद सुटून पडायचं. लॅपटॉप जागचा हलायचासुद्धा नाही. एवढीशी गोष्ट, पण ज्याने कोणी ती काढली असेल ना, त्याच्या घरातही नक्की पडवी असणार.

पाय लागला की म्हणायचं, "सुटली गो!" आणि ज्याने सोडली त्यानेच वाकून परत लावायची, हा आमच्या घरचा नियम. आठ वर्षांत सगळ्या गावाला तो पाठ झाला होता. पासपोर्टवाले, स्कॉलरशिपवाले, सगळे 'सुटली गो' म्हणायचे आणि टक् करून लावायचे. काही जण तर मुद्दाम सोडायचे, टक् ऐकायला. किनाऱ्यावर खेळून आले की माझ्या कपड्यांतून पडवीत काळी वाळू सांडायची, ती त्या चुंबकाला चिकटायची आणि त्याला बारीक मिशा फुटायच्या. अम्मी पदराच्या टोकाने मिशा पुसायची, "घ्या, साहेबांची दाढी झाली," म्हणायची आणि टक्.

दोन महिन्यांपूर्वी त्या लॅपटॉपची बॅटरी फुगली आणि तो गेला. अब्बांनी नवीन पाठवला. त्याच कंपनीचा, मुद्दाम, कारण अम्मीने सांगितलं होतं, "त्याच कंपनीचा घ्या, मला त्याची सवय हाय." चंदेरी, पापडासारखा पातळ. अम्मीने बिस्मिल्ला म्हणून खोका उघडला, सगळं बाहेर काढलं आणि चार्जर हातात घेऊन बघतच राहिली.

"मेहेक, ह्याचा चुंबक खंय?"

चुंबक नव्हतं. एक बारीक भोक होतं आणि त्यात खुपसायची पिन. मी खोका उलटा करून झटकला, कुठे वेगळं ठेवलंय का बघायला. मग नेटवर शोधलं. कंपनीने चुंबकच काढून टाकलं होतं. का? लॅपटॉप पातळ करायला, म्हणे! पातळ कोणी मागितला होता? आमच्या पडवीत कोणी लॅपटॉप भाकरीत गुंडाळून खाणार होतं का?

पण ठीक आहे, म्हटलं. आम्ही सांभाळलं. मी पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने 'थांबा! वायर!' लिहून उंबऱ्यावर टांगलं. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. लोक पाय उचलून, साडी उचलून, लुंगी उचलून वायर ओलांडायचे. अकरा दिवस सगळं नीट चाललं.

बाराव्या दिवशी सकाळी गोदूमावशी आली. गोदूमावशी म्हणजे दादूकाकांची बायको. ती रोज डोक्यावर पाटी घेऊन येते आणि फाटकातूनच अशी हाक मारते की समुद्रातले उरलेले मासेपण वळून बघत असतील. "जहुराभाभेऽऽ, म्हावरा आयलाय गो!"

अम्मी आत चुलीशी होती. तिने हाक ऐकली, परात उचलली आणि रोज जशी बाहेर येते तशी आली. तिने पुठ्ठा बघितला नाही, कारण आठ वर्षं तिने उंबऱ्यावर कधी काही बघितलंच नव्हतं. बघायची गरजच पडली नव्हती. पाय वायरीत गेला आणि तसाच पुढे आला. जुनी असती तर सुटली असती. ही नाही सुटली. लॅपटॉप टेबलावरून सरकला, गळाला लागलेल्या माशासारखा क्षणभर वायरीला लोंबला आणि लादीवर आपटला.

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? पाय लागल्याबरोबर अम्मीच्या तोंडातून सवयीने "सुटली गो" निघालं होतं. अर्धंच. 'सुटली'पर्यंत.

स्क्रीनचा कोपरा तडकला. पिनेचं भोक वाकडं झालं. वायर तिरकी धरली तरच चार्जिंग व्हायचं, हात सोडला की बंद. गोदूमावशी फाटकात पाटी घेऊन उभीच. "माज्या हाकेनं जाला गो," एवढंच म्हणाली.

मग फोन. फुफूने, म्हणजे अब्बांच्या बहिणीने, विचारलं, "तुजे डोळे खंय होते?" अब्बा ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीतच. म्हणाले, "जरा सांभाळून वापरायला हवा होता, जहुरा." अम्मी "व्हय" म्हणाली. माझ्या अम्मीने "व्हय" म्हटलं! जी बँकेच्या मॅनेजरला "तुमचाच फॉर्म चुकलाय" सांगून आलेली आहे.

शनिवारी आम्ही दोघी पहाटेच्या एसटीने पनवेलला गेलो, सर्व्हिस सेंटरला. गाडीत मी मनात भाषण तयार केलं. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप, सगळं.

काउंटरवरच्या माणसाच्या छातीवर 'अल्पेश' लिहिलं होतं. सभ्य होता, ते कबूल करते. त्याने लॅपटॉप उलटसुलट बघितला. "पडलाय."

"पडला नाही. वायरीने ओढला," मी म्हटलं.

"वायर आपोआप ओढत नाही ना. पाय लागला असेल कोणाचा."

"माजाच," अम्मी म्हणाली.

"तेच," म्हणून तो टाइप करायला लागला.

"तेच म्हणजे काय?" मी विचारलं. प्रस्तावना वगैरे सगळी विसरले, थेट तिसऱ्या मुद्द्यावर गेले. "तुमच्याच कंपनीची आधीची वायर पाय लागला की सुटायची. आठ वर्षं रोज पाय लागला, काही झालं नाही. तुम्ही ती का काढली?"

"ताई, आता सगळीकडे हीच पिन आलीय. एकच चार्जर मोबाईलला चालतो, लॅपटॉपला चालतो. सोयीचं आहे."

ते खरं आहे, खोटं कशाला बोलू. माझा फोन त्याच चार्जरवर चालतो आणि मला ते आवडलंही होतं. "पण मग हे भोक ठेवा आणि शेजारी चुंबकपण ठेवा! भांडण होणार होतं का दोघांचं?"

तो हसला. "ठेवलंय की. ह्याच्या वरच्या मॉडेलला परत दिलंय आता. लोकांची फार मागणी होती."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि माझे कान गरम झाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"मला?"

"कंपनीला! लोकांना ते आवडतं हे माहीत होतं. ते नसलं की लॅपटॉप पडतात हेही माहीत होतं. म्हणून परत आणलं, पण महागड्यात! म्हणजे ज्याच्याकडे जास्त पैसे, त्याच्याच पायाला माफी? स्वस्तातला घेतला की पाय सांभाळा? पाय काय मॉडेल बघून लागतो का?"

मागे रांगेत एक काका होते, ते म्हणाले, "बरोबर बोलतेय पोरगी." आणखी एकाने टाळी वाजवली, एकच. माझा आवाज नक्की बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल. गेला तर गेला.

अल्पेशने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. "हे बघा ताई, माझ्या हातात काही नाही. नुकसानीचं कारण टाकायला चारच पर्याय आहेत." पाण्याने नुकसान. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान. उत्पादनातील दोष. इतर.

"मग 'इतर' करा."

"'इतर' केलं की केस पुढे सरकत नाही. तिथेच पडून राहते."

"मग 'उत्पादनातील दोष' करा!"

"ते मला उघडत नाही. ते वरून उघडतं."

त्याने दुसरा पर्याय दाबला. यंत्रातून कागद निघाला. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही. दुरुस्तीचा आकडाही खाली होता, तो बघून अम्मीने मान दुसरीकडे वळवली. आणि सगळ्यात तळाला, 'वरील माहिती मला मान्य आहे', पुढे रेघ.

अम्मीने पेन घेतलं आणि सही केली.

मी बघतच राहिले. अम्मीने! दादूकाकांपुढे स्क्रीन फिरवणाऱ्या अम्मीने! "अम्मी, वाचलंस का?"

"वाचला," ती म्हणाली. "बरोबरच लिवलाय. चल, एसटी जायल."

दुरुस्ती न करताच आम्ही परत आलो. तो कागद घडी करून अम्मीने पर्समध्ये ठेवला होता, आणि एसटीत माणगावपर्यंत मधेच काढून परत वाचायची. मला तर वाटत होतं खिडकीतून फेकून द्यावा.

घरी आल्यावर अम्मीने लॅपटॉप जेवताना अंथरायच्या दस्तरखानात गुंडाळला आणि कपाटावर ठेवला. रविवारी एक जण पासपोर्टचे कागद घेऊन आला, तर म्हणाली, "मी बंद केलाय. बोर्लीत विपुलच्या सायबरात जा." सोमवारी दोघींना तेच. पडवीतलं टेबल रिकामं पडलं आणि त्यावर कोंबडी चढून बसायला लागली.

"अम्मी, स्क्रीन चालते की! वायर तिरकी धरली की चार्जिंगही होतं. मी धरून बसते."

"तुजी शाळा हाय. आणि परत पाडला तर?"

"तू नाही पाडलास!"

"मग कोणी पाडला? कागदावर काय लिवलाय?"

बघा, हाच तर घोळ आहे. अम्मी छापील कागदावर विश्वास ठेवते. तिचं सगळं कामच त्याच्यावर आहे. चौकटीत लिहिलं आणि खाली सही झाली की ते तिच्यासाठी खरं. एका कंपनीने आपली चूक तिच्या चौकटीत टाकली आणि अम्मी तिथे जाऊन बसली.

मी कंपनीला पत्र लिहिलं. चार पानं! 'निर्लज्ज' हा शब्द पाच वेळा आला होता, 'धिक्कार' तीन वेळा. ईमेलने पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं. दोन मिनिटांत चार पानं वाचून होतात का? 'आपल्या मौल्यवान प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत. आपला आजचा अनुभव किती ताऱ्यांचा होता?' शून्य तारे द्यायची सोयच नव्हती. एक दिला आणि फोन उशीवर आपटला. उशीवरच, कारण फोनलाही काही चुंबक नाही.

गोदूमावशीने हाक मारणं बंद केलं. ती यायची, मासे पायरीवर ठेवायची आणि गुपचूप जायची. सकाळ सकाळ ती हाक नाही म्हणजे कसं वाटतं सांगू, शाळेची घंटा न वाजता तास सुरू झाल्यासारखं. मग बुधवारी ती आली आणि गेली नाही. पाटी उतरवून पडवीत बसली.

"भाभे, तुज्या त्या विपुलनं काय केलान ठाव हाय? होडीच्या विम्याचा फॉर्म माज्या नावान. फोटू घोवाचा लावलान! फॉर्म परत आयला. गोदू कोळीण म्हणून मिशीवाला दाद्या!"

मला हसू फुटलं. अम्मीच्याही ओठाचा कोपरा हलला, मी बघितलं.

"शुक्रवार शेवटचा दिस हाय," मावशी म्हणाली. "तू भर गो."

"नाय गोदू. माज्या हातून आणि काय बिघाडला तर? विपुललाच सांग, नीट लाव म्हणून."

गोदूमावशीने पाटी उचलली. तिला राग आला होता. "माजी हाक नडली तुला, म्हणून मी हाक सोडली. तू फॉर्म सोडलास. आता दाद्यानं होडी सोडायची काय?" आणि गेली.

संध्याकाळी शाळेतून येताना मी मुद्दाम खाडीवरून गेले, तिची समजूत काढायला. मावशी नव्हती, दादूकाका होते. होडीशेजारी बसून जाळ्याला धोंडे बांधत होते, जाळं तळाला बसावं म्हणून. मी उभी राहिले. जाळ्याचे दोर सगळे नायलॉनचे, माझ्या करंगळीएवढे. पण धोंडे मात्र ते साध्या सुतळीने बांधत होते. तीही जुनी, जीर्ण.

"काका, ही सुतळी तुटेल की."

"तुटायलाच हाय ती."

"म्हणजे?"

"खाली खडक असतो ना पोरी. धोंडा खडकात अडाकला आणि दोरी पक्की असली तर जाळा फाटतो. जास्ती ओढलास तर होडी कलांडते. म्हणून मधे कच्चा ठेवायचा. धोंडा जातो, जाळा ऱ्हातो." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्या बापाला पण ठाव होता हा. तुज्या कंपनीला ठाव न्हाय?"

मी तिथेच ओरडले. दप्तर वाळूत टाकलं आणि ओरडले, "काका! कच्चा दोरा!"

चुंबक म्हणजे दुसरं काय होतं? मधला कच्चा दोरा! कंपनीने तो काढून तिथे नायलॉन बांधला, आणि जाळं फाटलं तर म्हणते तुम्ही नीट ओढलं नाहीत. कंपनी चुंबक देत नसेल तर नको देऊ दे. कच्चा दोरा लॅपटॉपपाशीच असायला पाहिजे असं कुठे आहे? तो दुसऱ्या टोकाला असला तरी चालेल!

काकांकडून हातभर नायलॉन घेतलं आणि पळत घरी आले. अम्मी मागे वाडीत सुपाऱ्या गोळा करत होती. मी कपाटावरून लॅपटॉप काढला. आमचं टेबल फणसाच्या लाकडाचं आहे, दोन माणसांनाही हलत नाही. लॅपटॉपपासून वीतभर वायर ढिली सोडली आणि तिथे ती टेबलाच्या पायाला नायलॉनने घट्ट बांधली. वाकड्या भोकात पिन तिरकी राहावी म्हणून खाली पुठ्ठ्याची पाचर दिली, 'थांबा! वायर!' वाल्या पुठ्ठ्याचीच. चार्जिंग सुरू! मग दुसरं टोक. वायरचं दुसरं टोक चार्जरच्या ठोकळ्यात खुपसलेलं असतं. तो ठोकळा उंबऱ्याच्या आत भिंतीला पट्टीने पक्का केला, अगदी वायरच्या रेषेत, म्हणजे वायर ओढली की सरळ बाहेर यावी, वाकडी अडकू नये.

आधी लॅपटॉपऐवजी माझा भूगोलाचा जाडा वहीगठ्ठा ठेवून बघितलं. पहिल्यांदा सुटली नाही, ठोकळाच निघून आला. पट्टीला आणखी दोन खिळे मारले. मग सुटली. परत लावली, परत लाथ. वीस वेळा. वीसच्या वीस वेळा उंबऱ्याकडून सुटली आणि टेबलावरची वही हललीसुद्धा नाही. मग लॅपटॉप ठेवला, डोळे मिटले आणि लाथ मारली. डोळे उघडले तर तो आपला शांत बसलेला.

"अम्मीऽऽ!"

अम्मी पदराला हात पुसत आली आणि टेबलावर लॅपटॉप बघून दारातच थांबली. "कोणी काढला हा?"

"मी. लाथ मार."

"वेडी झालीस काय?"

"वायरीला लाथ मार, अम्मी. नेहमी चालतेस तशी चाल."

"नाय गो बाय. एकदा झाला तेवढा पुरे." ती मागे सरली. खरंच घाबरली होती. माझी अम्मी आपल्याच उंबऱ्याला घाबरली होती, आणि ते बघून माझा आवाज परत पनवेलसारखा चढला.

"तू सगळ्यांना काय सांगतेस? वाचल्याशिवाय सही नाय. आणि खोटं लिहिलं असेल तर वाचूनपण सही नाय. मग त्या कागदावर का केलीस?"

"माजाच पाय लागला ना! खोटा काय हाय त्यात?"

"पाय लागला हे खरं. पण निष्काळजी? तेवीस वेळा पाय लागायचा अम्मी, मी मोजलेत! कोंबडीचापण लागायचा. तेव्हा कोणी निष्काळजी नव्हतं. पाय तोच आहे तुझा!"

तिने नायलॉनची गाठ बघितली, ठोकळ्याचे खिळे बघितले, बोटाने वायर जरा ओढून बघितली. फॉर्म तपासते ना, अगदी तसंच, वरपासून खालपर्यंत. मग साडी थोडी वर धरली आणि उंबऱ्यातून बाहेर चालत आली, सरळ, न बघता.

वायर ठोकळ्यातून निघाली आणि लादीवर पडली. टक् नाही झालं. पण टेबल जागच्या जागी.

अम्मी वाकली. नियम आहे ना, ज्याने सोडली त्याने लावायची. लावली. आणि परत चालली. परत पडली. तिसऱ्यांदा लावून ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तो पनवेलचा कागद आण. आणि तुजा तो धिक्कारवाला पत्र."

ग्राहक तक्रारीचा फॉर्म तिने स्वतः शोधून काढला. गावभर फॉर्म भरणाऱ्या माझ्या अम्मीने स्वतःच्या तक्रारीचा फॉर्म आयुष्यात पहिल्यांदाच उघडला होता. माझी चार पानं तिने वाचली आणि 'निर्लज्ज' पाचही ठिकाणी काढला.

"एक तरी ठेव!"

"जागा नाय. पाचशे अक्षरा मावतात. राग आपल्यापाशी ठेव, त्यांना कारण दे."

तक्रारीच्या प्रकारात इथेही शेवटचा पर्याय 'इतर' होता. अम्मीने तोच निवडला. मी म्हटलं, "अल्पेश म्हणाला 'इतर' केलं की पुढे सरकत नाही."

"त्याचा सरकत नसेल," अम्मी म्हणाली. "खाली बघ, 'इतर असल्यास कारण लिहा.' ही चौकट लोक रिकामी सोडतात, म्हणून नाय सरकत."

त्या चौकटीत तिने लिहिलं. चांगल्या मराठीत, फॉर्ममध्ये लिहिते तसं. 'आठ वर्षे याच कंपनीच्या चार्जरच्या वायरला आमच्या घरात रोज पाय लागत होता. वायर सुटत होती, लॅपटॉप पडत नव्हता. कंपनीने सुटणारे चुंबक काढले व आता महाग मॉडेलला परत दिले आहे. माझा पाय तोच आहे. वायर कंपनीने बदलली. तरी निष्काळजीपणा माझा लिहिला आहे. त्या कागदावर मी सही केली, ती मला मान्य नाही. तो शब्द काढून द्यावा.'

दुरुस्ती फुकट द्या, नवीन द्या, काही मागितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आधी तो शब्द. बाकीचा मागाहून." मग सवयीने स्क्रीन समोर फिरवली. समोर मीच होते. सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?" मी दादूकाकांसारखी मान हलवली.

आज तीन आठवडे झाले. तक्रारीचं उत्तर आलंय, 'आपली तक्रार विचाराधीन आहे.' अम्मी म्हणते, तिच्या फॉर्मला कोणी परत पाठवलेलं नाही, ह्यालाही पाठवणार नाहीत. मी म्हणते, नाही सरकला तर मी पनवेलला जाऊन परत भाषण करीन, आणि या वेळी निर्लज्ज पाचही वेळा म्हणीन.

पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारचं, फॉर्म भरला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. सकाळी सात वाजता मी फाटकात उभी राहिले. गोदूमावशी पाटी घेऊन गुपचूप येत होती.

"मावशी, हाक मार."

"न्हाय बाय. परत काय जाला तर?"

"मार तर! जोरात!"

तिने माझ्याकडे बघितलं, आत टेबलावर उघडलेला लॅपटॉप बघितला, मग मान वर केली आणि चार दिवसांची साठलेली हाक एकदम सोडली. "जहुराभाभेऽऽ, म्हावरा आयलाय गोऽऽ!"

आतून अम्मी परात घेऊन आली. उंबऱ्याकडे बघितलं नाही. पाय वायरीत गेला, वायर पडली, अम्मी पुढे आली.

"सुटली गो!" गोदूमावशी फाटकातून ओरडली.

"सुटली तर सुटली," अम्मी म्हणाली. "तू फोटो आणलास काय? घोवाचा नको, तुजा."

मावशीने पाटी खाली ठेवली, पोलक्यातून पाकीट काढलं, पायऱ्या चढून वर आली आणि वाकून, माशांच्या हाताने, वायर परत लावली.